कडुनिंबाची साक्ष

कडुनिंबाचे झाड कोणाचे, असे आमच्या यवतमाळात कोणी विचारले तर लोक विचारणाऱ्याकडेच संशयाने बघतील. झाड ज्याच्या बांधावर त्याचे, सावली येणाऱ्याजाणाऱ्याची आणि पाला ज्याला लागेल त्याचा, इतका सरळ हिशोब. पण जर्मनीतल्या म्युनिक शहरात जवळजवळ हाच प्रश्न पाच वर्षे पडून होता आणि १० मे २००० रोजी त्याचा निकाल लागला. त्या निकालात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांचा उल्लेख आला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. "अमेरिकेने आपला कडुनिंब पळवला होता, आपण तो परत आणला" एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहिले आहे. गोष्ट त्याहून जास्त गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते जास्त उपयोगाचीही.

आधी एक दुरुस्ती करतो (मास्तरकीची खोड!). कडुनिंबाचे पेटंट कोणी घेतले नव्हते. झाडाचे घेताच येत नाही. डब्ल्यू. आर. ग्रेस नावाची अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी मिळून डिसेंबर १९९० मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला, आणि १४ सप्टेंबर १९९४ रोजी त्यांना पेटंट मिळाले. निंबोळीतून द्रावक वापरून काढलेले तेल, ज्यातले अॅझाडिरॅक्टिन हे किडींवर चालणारे द्रव्य जवळजवळ काढून टाकलेले आहे, ते पाण्यात मिसळून झाडांवर फवारायचे आणि बुरशी आटोक्यात आणायची, ही पद्धत त्यांनी आपली म्हणून नोंदवली होती. म्हणजे मालकी मागितली ती एका विशिष्ट अर्काची आणि एका विशिष्ट वापराची.

१९९५ साली तिघींनी त्याला हरकत घेतली. आपल्या वंदना शिवा, बेल्जियमच्या युरोपीय खासदार माग्दा आल्व्हुत आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेच्या लिंडा बुलार्ड. त्यांचे म्हणणे आपल्या सगळ्यांच्या मनातलेच होते. ज्या देशात पाडव्याला कडुनिंबाची पाने चावल्याशिवाय वर्ष सुरू होत नाही, त्या देशाला कडुनिंबाचा शोध कोण शिकवणार?

पण मंडळी, इथेच खरी मेख आहे. पाड्याला पाने चावणे, बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात पाला उकळणे, कांजिण्या आलेल्या मुलाच्या अंथरुणात डहाळ्या ठेवणे, ज्वारीच्या कणगीत पाला घालणे, हे सगळे खरे आहे, जुने आहे, आणि पेटंटच्या खटल्यात त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही. कारण तिथे प्रश्न असा असतो: अर्जाच्या तारखेआधी हीच पद्धत, याच कामासाठी, लोकांसमोर वापरली गेली होती का? कोणी वापरली, कुठे वापरली, कधी वापरली? आजी म्हणायची, हे तिथे उत्तर नसते. आजीला दिनांक नसतो.

छापील पुरावे नव्हते असेही नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने आपल्याकडच्या औषधींवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात कडुनिंबावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि घोड्यांच्या पाठीवरच्या, लवकर न भरणाऱ्या जखमांवर वाटलेली पाने लावण्याचा उल्लेख आहे. पुढे शंकर दाजीशास्त्री पद्यांचा 'आर्यभिषक्' आला. आमच्या पिढीत अनेक घरांत देवघराशेजारच्या फळीवर तो असायचाच. १९१८ साली लेफ्टनंट कर्नल कीर्तिकर आणि मेजर बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला (कीर्तिकर आपले मराठी; ग्रंथ हातात पडण्याआधीच, १९१७ साली, ते वारले). या सगळ्यांत पान कशावर लावतात ते आहे. ते लावल्याने जंतू किंवा बुरशी खरोखर मरते का, किती मरते आणि पान लावले नसते तर काय झाले असते, हे त्यांत नाही. ते त्यांचे कामही नव्हते. ते नोंदवत होते, तपासत नव्हते.

तपासायचे कसे, हे ठरायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. आणि त्यातही स्वयंपाकघराचा हात आहे! रॉबर्ट कॉख जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत असे. उबेत ते वितळून जाई. त्याच्याकडे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांची पत्नी फॅनी घरी जेली थिजवायला समुद्रशेवाळापासून केलेले अगार वापरायची. ती युक्ती तिला जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळली होती. तिने नवऱ्याला सुचवले, हे वापरून बघा. १८८१-८२ ची ही गोष्ट. १८८७ साली पेट्री नावाच्या सहकाऱ्याने त्यासाठी झाकणाची उथळ काचेची बशी केली. आजही जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत फॅनीबाईंचे अगार आणि पेट्रीची बशी आहे. बशीला पेट्रीचे नाव लागले, अगारला फॅनीचे लागले नाही. असो.

पानाच्या अर्काची चाचणी मी एका महाविद्यालयात उभे राहून पाहिली आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे शिकवते. पाने सावलीत वाळवायची, कुटायची, पाण्यात किंवा स्पिरिटात भिजवून ठेवायची, गाळायची आणि द्रव आटवून घट्ट अर्क उरवायचा. बशीत थिजलेल्या अगारवर एकाच जातीचे जंतू सारखे पसरायचे. मग त्यात लहानशी खळी पाडून अर्काचे थेंब सोडायचे, किंवा अर्कात बुडवलेली टिकलीएवढी कागदाची चकती वर ठेवायची. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. (मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा ऊब देण्याची ती पेटी बाहेरच्यापेक्षा थंड ठेवावी लागते!) सकाळी बघावे तर सगळीकडे जंतूंची दुधी साय धरलेली असते, आणि चकतीभोवती अर्क चालला असेल तर स्वच्छ गोल कडे. ते कडे पट्टीने मोजायचे, मिलिमीटरमध्ये. झाली चाचणी. बुरशीसाठी दिवस जास्त लागतात आणि ऊब कमी, बाकी तत्त्व तेच.

त्या बशीत आणखी दोन चकत्या होत्या, आणि मला त्या दोनच जास्त महत्त्वाच्या वाटल्या. एक नुसत्या स्पिरिटाची, कारण स्पिरिट स्वतःच जंतू मारते. कडे पानाचे की स्पिरिटाचे हे कळायला हवे. दुसरी बाजारातल्या ठाऊक असलेल्या औषधाची, म्हणजे आपले पान त्याच्या तुलनेत कुठे बसते ते दिसते. वर्गात आम्ही नेहमी सांगायचो, तुलना केल्याशिवाय मोठे-लहान ठरत नाही. ज्या निबंधात या दोन चकत्या नसतात, त्यातली सुंदर सुंदर कडी मी तरी धरत नाही.

अशा बशा प्रचंड संख्येने पहिल्यांदा मांडल्या गेल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनवर काम चालू होते. बुरशीतून औषध निघते तर हिरव्या झाडांतून का नाही, असा प्रश्न साहजिकच पडला. ई. एम. ऑसबॉर्न या संशोधिकेने सुमारे २३०० वनस्पतींचे अर्क तपासले आणि १९४३ साली निबंध प्रसिद्ध केला. बहुतेक वनस्पतींच्या बाबतीत काहीही दिसले नाही, थोड्यांत कडे उमटले. मला या कामाचे मोल वाटते ते त्या "काही नाही"मुळे. लोकांची आठवण यश तेवढे साठवते. अमक्याची जखम या पानाने बरी झाली हे गाव पन्नास वर्षे सांगते. ज्याची झाली नाही त्याचे नाव कोणी घेत नाही. बशीत मात्र जिथे कडे उमटले नाही तिथेही वहीत शून्य लिहावे लागते.

आपल्याकडे हे काम पद्धतशीर सुरू झाले ते लखनौला. १९५१ साली तिथे, गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी महालात, केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या धर आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली २८५ भारतीय वनस्पतींच्या तपासणीचा पहिला निबंध छापला. जिवाणू, बुरशी, विषाणू, शिवाय रक्तदाब, साखर असे पुष्कळ काही एकाच वेळी तपासले होते. पुढे त्याचे भागांवर भाग निघत गेले. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या महाविद्यालयांतून निर्गुडी, करंज, अडुळसा, पळस यांच्या पानांचे जे असंख्य प्रबंध होतात, त्यांचा मूळपुरुष हा निबंध.

आता पुन्हा कडुनिंबाकडे येतो. त्याचे रसायन तोवर बरेच उकलत आले होते. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी निंबिन वेगळे काढले. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान, जोतवानी आणि राय यांनी निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेली पिके टोळ खात नाहीत हे दाखवले. १९६८ साली इंग्लंडमध्ये अॅझाडिरॅक्टिन वेगळे काढले गेले. पण हे सगळे किडींबद्दल. बुरशीबद्दल काय?

तर बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. उदयप्रताप सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाची पाने, साल, फळाचा गर आणि तेल यांचे अर्क हरभऱ्याला छळणाऱ्या जमिनीतल्या बुरशींवर तपासले. त्यात मर आणणारी बुरशीही होती. ज्यांनी हरभरा पेरला आहे त्यांना मर म्हणजे काय हे सांगायला नको. झाड हिरवेगार उभे असते, चार दिवसांत माना टाकते, आणि उपटून पाहावे तर खोड आतून काळपट तपकिरी. सिंग यांचा निबंध १९८० साली 'मायकॉलॉजिया' या अमेरिकन नियतकालिकात छापून आला. ग्रेस कंपनीच्या युरोपातल्या अर्जाच्या दहा वर्षे आधी!

आणि दुसरे काम आपल्या महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या एका शेती-औषधांच्या कंपनीतले अभय फडके यांनी कडुनिंबाच्या अर्काच्या बुरशीवरच्या चाचण्या १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर घेतल्या होत्या. बंद प्रयोगशाळेत नव्हे, उघड्या शेतावर, शेतकऱ्यांच्या देखत. मे २००० मध्ये फडके म्युनिकला गेले आणि युरोपच्या पेटंट कार्यालयासमोर त्यांनी तोंडी साक्ष दिली. कोणता अर्क, कसा काढला, कुठे फवारला, कोणासमोर, कोणत्या वर्षी. समोर मोठ्या कंपनीचे निष्णात वकील उलटतपासणीला. साक्ष टिकली. विरोधकांच्या बाजूने प्रा. सिंग हेही होतेच. १० मेला पेटंट रद्द झाले. कंपनीच्या बाजूने अपील झाले, ते ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. नेमका महिला दिन, आणि हरकत घेणाऱ्याही तिघीजणी.

आपल्या वर्तमानपत्रांत त्या वेळी मथळे आले ते हजारो वर्षांच्या परंपरेच्या विजयाचे. मला ते तेव्हाही पटले नव्हते. परंपरेने सिंगांना आणि फडक्यांना कुठे बघायचे ते सांगितले, हे निश्चित. कडुनिंबच का, दुसरे झाड का नाही, याचे उत्तर परंपरेतच आहे. पण पेटंट पडायला बळ मिळाले ते एका निबंधाच्या वर्षाने आणि दोन उन्हाळ्यांतल्या शेतांनी.

त्यातही एक भाग सुदैवाचा. युरोपच्या कायद्यात जगात कुठेही उघडपणे झालेला वापर पुरावा म्हणून चालतो, म्हणून सांगलीचे शेत म्युनिकमध्ये बोलू शकले. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर मोजतच नसत. तो कुठे तरी छापलेला किंवा पेटंट झालेला असावा लागे. हा भेद २०११ च्या कायद्याने काढला आणि त्याचा अंमल २०१३ पासून झाला. म्हणून हळदीचे प्रकरण वेगळ्या वाटेने लढावे लागले. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. त्यांनी माणसे लावून ग्रंथ, मासिके धुंडाळली, ३२ छापील संदर्भ गोळा केले. त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. घरोघरच्या डब्यातली हळद तिथे काही बोलू शकली नसती, १९५३ चा कागद बोलला.

यातून धडा घेऊन २००१ पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश करायला घेतला. संस्कृत, तमिळ, अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतले पाठ इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडून परदेशच्या पेटंट परीक्षकांना उपलब्ध केले. उत्तम काम. पण वाचताना एक गोष्ट खटकते. त्यात जाते ते ग्रंथांतले. ज्यांच्याकडे ग्रंथच नाहीत त्यांचे काय?

माझी नोकरी पांढरकवड्याच्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळांत झाली. तिकडे केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, तिला स्वतःची लिपी नाही. एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागातल्या कोलामीचा अभ्यास केला आणि १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो ग्रंथरूपात छापला. म्हणजे कोलामीतले शब्द आणि क्रियापदांची रूपे सात समुद्रापार जपली गेली आहेत. पण पोडावरचा म्हातारा ताप आला की कुठल्या झाडाचा पाला आणतो, कोणत्या महिन्यात आणतो, कोवळा आणतो की जून, हे कुठल्याच कोशात नाही. ते त्याच्यासोबत जाते. माझ्या डोळ्यांदेखत अशी तीन-चार माणसे गेली.

आणि हे महिन्याचे, कोवळ्या-जूनचे बारकावे चाचणीत फार मोठे ठरतात, हे शास्त्रज्ञही सांगतात. एकाच झाडाचे पान पावसाळ्यात तोडले आणि उन्हाळ्यात तोडले तर त्यातली द्रव्ये कमीजास्त असतात. पाण्यात जे उतरते ते स्पिरिटात उतरेलच असे नाही, आणि उकळल्यावर जे टिकते ते वेगळेच. आपल्या आयुर्वेदाने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट असे पाच प्रकार केले ते उगाच नव्हेत. रस पिळणे, वाटणे, उकळणे, गार पाण्यात रात्रभर ठेवणे, गरम पाणी ओतून झाकणे. पाच वेगळ्या रीती, पाच वेगळे अर्क.

चीनच्या तू यूयू यांची हकीकत इथे आठवते. मलेरियावर औषध शोधताना त्यांनी एका दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचे अर्क तपासले. कधी गुण दिसे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या पोथीत त्यांनी पुन्हा वाचले तर तिथे उकळायला सांगितलेच नव्हते! मूठभर वनस्पती पाण्यात भिजवायची, पिळायची आणि तो रस प्यायचा. म्हणजे आपले 'हिम'च म्हणा ना. उष्णतेने द्रव्य नासत असेल हे त्यांनी ताडले, कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला आणि १९७१ साली तो उंदरांतल्या मलेरियावर पूर्णपणे चालला. त्यातून आर्टेमिसिनिन आले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हाताऱ्याची रीत जशीच्या तशी लिहून ठेवायची ती यासाठी. झाडाचे नुसते नाव टिपून भागत नाही.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख प्रचारकी होईल. बशीतले कडे म्हणजे औषध नव्हे. बशीत रक्त नाही, यकृत नाही, जठर नाही. तिथे मीठ टाकले तरी जंतू मरतात, व्हिनेगरने मरतात. ज्या मात्रेने जंतू मरतो त्या मात्रेने माणसाच्या पेशी मरत नाहीत ना, हे पाहायला पुढे अनेक पायऱ्या असतात, प्राण्यांवरच्या आणि मग माणसांवरच्या. आपल्याकडचे बहुतेक निबंध पहिल्या पायरीवर थांबतात. पानातून निघून जिवाणूंवर पेनिसिलिनसारखे चाललेले, जगभर दवाखान्यांत रूढ झालेले औषध आजवर झालेले नाही, हे ऐंशी वर्षांच्या तपासण्यांनंतरचे वास्तव आहे. शेतातही तसेच. हरभऱ्याच्या मरीवर आज कृषी खाते बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायला सांगते, म्हणजे बुरशीवर दुसरी बुरशी. मरीवरचा सर्वमान्य इलाज म्हणून कडुनिंबाच्या पानाचा अर्क काही पुढे आला नाही. बशी वेगळी आणि काळी माती वेगळी. म्हणून बनारसच्या निबंधाचे मोल कमी होते का? नाही होत. त्याचे काम त्याने केले.

आमच्या जिल्ह्यात या विषयाला आणखी एक कडवट किनार आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर रासायनिक औषधे फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क आणि दशपर्णी अर्क यांची चर्चा गावोगाव वाढली. दहा झाडांचा पाला पिंपात महिनाभर कुजवून काढलेला तो दशपर्णी अर्क मी अनेकांच्या गोठ्याशेजारी पाहिला आहे (वासावरूनच सापडतो!). कोणी म्हणतो सोने आहे, कोणी म्हणतो पाणी आहे. दोघेही खरे बोलत असतील. एकाने पाला श्रावणात तोडला, दुसऱ्याने माघात. एकाने संध्याकाळी फवारला, दुसऱ्याने रणरणत्या दुपारी. अॅझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही हे तर सिद्धच आहे. कोणत्याही दोन पिंपांत सारखे काही नाही, आणि मोजलेले तर काहीच नाही. रसायनाच्या बाटलीवर निदान मात्रा छापलेली असते. जीव वाचवणारा पर्याय म्हणून अर्काकडे बघायचे असेल तर त्याची मात्राही कोणी तरी मोजून दिली पाहिजे. ते काम गोठ्यात होणार नाही आणि कंपनी फुकट करणार नाही. ते आपल्या महाविद्यालयांचे काम आहे, आणि त्यांच्याकडे बशा आहेत.

कंबरमोडीचे सांगायचे राहिले. शाळेच्या मैदानात पोरगे पडले, गुडघा फुटला की बाकीची पोरे आम्हाला सांगण्याआधी बांधावर धावायची, कंबरमोडीचा पाला हातावर चोळून रस जखमेवर पिळायची. लांब देठाचे, पिवळ्या मधल्या भागाचे ते लहानसे फूल सगळ्यांनी पाहिले असेल. कुठे एकदांडी म्हणतात, कुठे दगडी पाला. "सर, आमची आजी सांगते." पुष्कळ वर्षांनी कळले की ही वनस्पती मूळची मध्य अमेरिकेतली! चरक-सुश्रुतांच्या काळी ती इकडे नव्हतीच. कधी तरी परदेशी मालाबरोबर तिचे बी आले, रस्त्याच्या कडेने पसरले, आणि कोणी तरी एका अनोळखी पाल्याचा रस पहिल्यांदा जखमेवर पिळून पाहिला, रक्त थांबले का ते पाहिले, आणि शेजारणीला सांगितले. ती कोण होती, कुठल्या गावची, कोणते साल, काही ठाऊक नाही. पुढे प्रयोगशाळांनी या पानाच्या अर्काच्या बशाही मांडल्या आणि त्यात कडीही उमटली, पण सुरुवात तिची.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावातली झाडे, त्यांचे उपयोग आणि ते जाणणारी माणसे, सगळे त्यात लिहायचे. कोणी ते ज्ञान व्यापारासाठी वापरले तर गावाला वाटा मिळावा, अशीही त्या कायद्यात सोय आहे. केरळात कायद्याच्या आधीच तसे एकदा घडले होते. काणी आदिवासींनी दाखवलेल्या एका झुडपाच्या पानांपासून तिथल्या वनस्पती संशोधन संस्थेने 'जीवनी' नावाचे औषध केले आणि कंपनीकडून मिळालेल्या रकमेतला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला दिला. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, तेव्हा देशभर नोंदवह्या भराभर पूर्ण झाल्या. त्या घाईत भरलेली एक वही मी मागून पाहिली. कडुनिंबापुढे "औषधी" एवढा एकच शब्द होता. कंबरमोडी नव्हती. जाणकार व्यक्तींच्या रकान्यात तलाठ्याच्या अक्षरात "निरंक" लिहिलेले होते, आणि त्या गावापासून दीड मैलावर कोलामांचा पोड आहे.